गेल ऑम्वेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑम्वेट, ऑम्व्हेट की ओमवेट? नेमकं काय लिहायचं?

समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट यांचं आडनाव रोमन लिपीत ओ-एम-व्ही-ई-डी-टी असं आहे आणि त्यातला ‘डी’ उच्चारात विरून जातो. मराठी वर्तमानपत्रांनी आणि प्रकाशकांनी ऑम्वेट, ऑम्व्हेट, ओमवेट, ओम्वेट अशी सगळी रूपं छापली आहेत. त्यातलं एकच बरोबर ठरवत बसण्यात अर्थ नाही. खरी अडचण येते ग्रंथालयात. संगणकावर एक रूप टाकलं आणि दोनच नोंदी आल्या, म्हणजे पुस्तकं नाहीत असं नव्हे. चारही रूपं टाकून बघा. रोमनमध्ये शोधताना ‘डी’सह आणि ‘डी’विना असे दोन्ही प्रयत्न करा. तरीही हाती काही लागलं नाही तर ‘पाटणकर’ टाका. चळवळीत त्यांचं शलाका पाटणकर हेही नाव रूढ होतं, आणि काही पुस्तकांवर त्यांचे पती भरत पाटणकर सहलेखक किंवा सहअनुवादक आहेत.

थोडक्यात सांगायचं तर त्या कोण?

समाजशास्त्रज्ञ, स्त्रीवादी लेखिका, श्रमिक मुक्ती दलाच्या कार्यकर्त्या. जन्म २ ऑगस्ट १९४१, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिस शहरी. पदवी कार्लटन कॉलेजची. १९६३ मध्ये फुलब्राइट योजनेतून इंग्रजी शिकवायला पहिल्यांदा भारतात आल्या. पुढं बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात समाजशास्त्र; १९७० च्या सुमारास प्रबंधाच्या कामासाठी महाराष्ट्रात मुक्काम; १९७३ मध्ये पीएच.डी. १९७६ मध्ये भरत पाटणकरांशी लग्न, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व. २५ ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी निधन, वय ८०.

१९७६ आणि १९८३ या सालांची गल्लत फार होते. ‘लग्न करून भारतीय झाल्या’ असं सरसकट लिहिलं जातं. मध्ये सात वर्षं गेली आहेत. आणि लग्नाच्या आधीच त्यांनी महाराष्ट्रावरचा प्रबंध पुरा केला होता, मोर्चे-परिषदांमध्ये वावरही सुरू झाला होता. सासर मिळालं म्हणून चळवळ मिळाली, असा क्रम लावणं चूक आहे.

अमेरिकेतल्या मुलीला जोतीराव फुले कुठं सापडले?

बर्कली हे १९६० च्या दशकात विद्यार्थी चळवळीचं, व्हिएतनाम युद्धविरोधाचं ठाणं होतं. नागरी हक्कांच्या लढ्यामुळं वर्णभेदाचा प्रश्न रोज समोर होता. तिथून भारताकडं पाहणाऱ्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो : स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास टिळक-गोखले-गांधी असा सांगितला जातो, पण जातीच्या तळाशी असलेली माणसं त्या काळात काय म्हणत होती? त्या वेळी इंग्रजीतल्या विद्यापीठीय लेखनात फुल्यांना जेमतेम एखादा परिच्छेद मिळे, तोही ‘समाजसुधारक’ या खान्यात. ऑम्वेट यांनी १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त फुल्यांवर स्वतंत्र लेख लिहिला आणि त्यांना सामाजिक क्रांतीचे विचारवंत म्हणून मांडलं. सुधारक आणि क्रांतिकारक या दोन शब्दांत जे अंतर आहे, त्यावर त्यांचा सगळा प्रबंध उभा आहे.

साधनांकडंही बघण्यासारखं आहे. ब्राह्मणेतर चळवळीची कागदपत्रं सरकारी दप्तरात थोडीच सापडतात. ती सापडतात तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून चालवलेल्या ‘दीनमित्र’मध्ये, ‘विजयी मराठा’ आणि बडोद्याच्या ‘जागृति’सारख्या पत्रांत, सत्यशोधक जलशांच्या वगांत आणि म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या आठवणीत. तेव्हा ही साधनं कुणी नीट लावूनही ठेवलेली नव्हती. मराठी वाचता-बोलता आल्याशिवाय या दारातून आत जाणं शक्य नव्हतं. आज या काळावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यानं एक ध्यानात ठेवावं : इंग्रजी गोषवाऱ्यावर विसंबलं की ‘शेटजी-भटजी’ हा शब्दच हरवतो. त्याचं ‘व्यापारी व पुरोहित’ केलं की त्यातला राग निघून जातो, आणि राग निघून गेला की चळवळ का झाली तेच कळत नाही.

‘सांस्कृतिक बंड’ म्हणजे नेमका कोणता मुद्दा?

प्रबंध १९७६ मध्ये ‘कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी’ या नावानं मुंबईत छापला गेला. काळ १८७३ ते १९३०. सुरुवातीचं साल उघड आहे, सत्यशोधक समाजाची स्थापना आणि ‘गुलामगिरी’चं प्रकाशन. शेवटचं साल लोक नजरेआड करतात. १९३० च्या सुमारास केशवराव जेधे आणि त्यांच्यासारखे ब्राह्मणेतर तरुण काँग्रेसकडं वळले आणि स्वतंत्र चळवळ म्हणून ब्राह्मणेतरांचा प्रवाह ओसरला. पुस्तक कुठं थांबतं, यातही त्याचा निष्कर्ष आहे.

मुद्दा असा. ब्राह्मणेतर चळवळ नोकऱ्यांतल्या वाट्यासाठी होती, इंग्रजांनी फूस लावलेली होती, हा तेव्हाचा रूढ समज. ऑम्वेट दाखवतात की तिच्यात दोन धारा होत्या. एक वरची : संस्थानिक, सरदार, जमीनदार यांची, त्यांना क्षत्रियत्व मान्य करून हवं होतं, कौन्सिलात जागा हव्या होत्या. दुसरी खालची : सत्यशोधकांची, तिला पुरोहिताशिवाय लग्न, खोताच्या आणि सावकाराच्या जाचातून सुटका, आणि ‘आपण कोण’ या प्रश्नाचं नवं उत्तर हवं होतं. दोन्ही धारा एकाच व्यासपीठावर बसत, एकमेकींचे शब्द वापरत, आणि म्हणून बाहेरच्याला एकच वाटत. शाहू महाराजांवरची प्रकरणं वाचताना हे द्वंद्व सर्वांत ठळक दिसतं, कारण तिथं दोन्ही धारा एकाच माणसाभोवती फिरतात.

वाचकाची ठेच इथं लागते : तो ‘ब्राह्मणेतर’ म्हणजे ‘मराठा’ असं गृहीत धरून वाचतो. मग दुसरी धारा त्याला दिसतच नाही.

त्यांना स्त्रीवादी का म्हणायचं? जातीवरच जास्त लिहिलंय ना?

हा प्रश्न बहुधा पुस्तकांची यादी पाहून पडतो. पण त्या यादीतलं सुरुवातीचं एक महत्त्वाचं नाव आहे ‘वी विल स्मॅश धिस प्रिझन’, १९८० चं. विषय १९७५ च्या आसपासचा महाराष्ट्र. १९७२ च्या दुष्काळात हजारो बायका खडी फोडायला, तळी-रस्ते खोदायला रोजगाराच्या कामावर आल्या. घराबाहेर, एका जागी, रोज, आणि मजुरी आपल्या हातात. त्यातून मोर्चे निघाले, मागण्या आल्या. शहाद्यात आदिवासी बायकांनी श्रमिक संघटनेच्या आधारानं दारूचे अड्डे मोडले. ऑक्टोबर १९७५ मध्ये पुण्यात संयुक्त स्त्री मुक्ती संघर्ष परिषद भरली. ऑम्वेट या सगळ्यात हिंडत होत्या, आणि पुस्तक सरळ माणसांच्या बोलण्यातून पुढं सरकतं.

त्यात शेतमजूर बाई मध्यभागी आहे. तिला मजुरी पुरुषापेक्षा कमी, घरी येऊन चूल तिचीच, दारूचा मार तिलाच आणि गावकुसाबाहेरची असेल तर पाणवठाही वेगळा. यातली कुठली गोष्ट ‘वर्गाची’, कुठली ‘जातीची’, कुठली ‘बाईपणाची’? कागदावर वेगळं करता येतं, तिच्या दिवसात करता येत नाही. ‘आधी क्रांती होऊ द्या, मग बायकांचं बघू’ असं म्हणणाऱ्या डाव्या मंडळींशी आणि ‘सगळ्या बायका सारख्याच’ असं मानणाऱ्या शहरी स्त्रीवादाशी त्यांचं जे भांडण झालं, ते इथून.

१९९० चं ‘व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन’ हे छोटं पुस्तक याच भांडणाचा पुढचा टप्पा. बायकांवरच्या हिंसेकडं घरातली खासगी बाब म्हणून न बघता जमीन, जात आणि सत्ता यांच्याशी जोडून बघावं, हा त्याचा गाभा.

आणि फुल्यांकडं त्या परत परत जातात ते स्त्रीप्रश्नासाठीही. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या १८९१ मध्ये आलेल्या पुस्तकात फुले नुसतं ‘मनुष्य’ म्हणून भागवत नाहीत, ‘एकंदर सर्व स्त्री-पुरुष’ असं लिहितात, दर वेळी, वाक्य लांबलं तरी. मराठी गद्यात हे आधी कुणी इतक्या हट्टानं केलेलं नाही. ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलने’वर टीका झाली तेव्हा पाठीशी उभे राहिले तेही फुलेच.

परित्यक्तांच्या चळवळीत नेमक्या मागण्या काय होत्या?

नवऱ्यानं टाकलेली बाई ना विधवा, ना घटस्फोटित. म्हणजे सरकारी अर्जात तेव्हा तिच्यासाठी रकानाच नव्हता. आजच्या वाचकाला ही अडचण किती बारीकसारीक होती ते कळत नाही, म्हणून उलगडून सांगतो.

तेव्हाची रीत अशी : लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी होतं आणि सासरच्या कार्डावर चढतं. नवऱ्यानं हाकलून दिलं तर तो नाव कमी करून देत नाही, कारण तिच्या नावचं धान्य-साखर त्याला मिळत राहते. नवं कार्ड मागायला गेलं की जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला मागतात. दाखला देणार कोण, तर ज्यानं हाकललं तोच. म्हणजे कागदोपत्री ती अशा घरात नांदते आहे, ज्याचं दार तिला उघडत नाही. रेशनकार्ड नाही म्हणून पुढची कुठलीच योजना नाही. पोटगीचं म्हणाल तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली केंद्राच्या कायद्यात महिना कमाल ५०० रुपयांची मर्यादा होती. ती २००१ मध्ये उठली.

म्हणून मागण्या अशा : स्वतःच्या नावे रेशनकार्ड, स्वतःच्या नावे घराची जागा, जमिनीचा तुकडा, रोजगार. दया, आश्रम, शिवणयंत्र या यादीत नव्हतं. सांगली-सातारा भागात हे काम स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं उचललं आणि त्यात ऑम्वेट यांच्या सासूबाई, स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर, पुढं होत्या. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या लढ्यातून आलेल्या या बाई. गावात त्यांचा शब्द चाले. मार्च १९८८ मध्ये संगमनेरला समता आंदोलनानं परित्यक्तांची परिषद भरवली, ती वेगळी. दोन्हींचा काळ एकच असल्यानं लेखांतून त्यांची सरमिसळ होते.

बळीराजा धरणाशी त्यांचा काय संबंध? आणि ‘समन्यायी पाणीवाटप’ कसं चालतं?

१९८२ च्या गिरणी संपात मुंबईचे कामगार गावी परतले. त्यातले बरेच सांगलीच्या खानापूर तालुक्यातले, म्हणजे कायम दुष्काळी पट्ट्यातले. तिथं मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भरत पाटणकर तिच्या आघाडीवर आणि ऑम्वेट सोबत, लिहायलाही आणि बैठकांनाही. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली की नदीची पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते, काठच्या विहिरी कोरड्या पडतात. तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी म्हटलं, वाळूवर पहिला हक्क गावाचा. थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू. सरकारशी झगडून परवानगी मिळवली, बाहेरून देणग्या आल्या, लोकांनी श्रमदान केलं, आणि बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. अभियंता के. आर. दाते यांची तांत्रिक मदत होती.

पण धरणापेक्षा वाटपाचा नियम जास्त महत्त्वाचा. नेहमीच्या कालव्यात पाणी जमिनीच्या मागं जातं : ज्याची वीस एकर त्याला वीस एकरांचं, ज्याची जमीनच नाही त्याला शून्य. इथं पाणी कुटुंबाच्या मागं गेलं. समजा गावात शंभर घरं आहेत, त्यातली पंधरा भूमिहीन. पाण्याचे वाटे शंभरच पडणार, पंच्याऐंशी नव्हेत. भूमिहीन घर आपला वाटा घेऊन जमीनवाल्याकडं जातं आणि म्हणतं, तुझी जमीन, माझं पाणी, पीक वाट्यानं. आजवर नुसती मजुरी मागणारा माणूस पहिल्यांदा बोलणीला बसतो.

हे मोडतं कुठं, तेही सांगायला हवं. एक, ऊस. एका उसाच्या फडाला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात ज्वारी-भुईमुगाचं कितीतरी जास्त रान भिजतं. उसाला मोकळीक दिली की समान वाटप पहिल्याच उन्हाळ्यात कोलमडतं. म्हणून पीकपद्धतीवर आधी बोलावं लागतं, मग पाण्यावर. दोन, वरच्या अंगाला असलेल्यानं मोटार लावून रात्री पाणी ओढणं. त्याला कागदी नियम पुरत नाही, गावाची नजर लागते. तीन, कुटुंब म्हणजे कोण? कर्ता पुरुष म्हटलं की टाकलेली बाई पुन्हा वगळली. परित्यक्तेला स्वतंत्र घर धरण्याचा आग्रह रेशनकार्डापासून पाण्यापर्यंत एकाच धाग्यानं येतो, तो असा.

१९९३ पासून आटपाडीला भरत गेलेल्या पाणी परिषदांमागं स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराबरोबर हाही अनुभव होता.

शरद जोशी आणि शरद पाटील, दोघांशी त्यांचं नाव जोडलं जातं. गोंधळ होतो.

होतो खरा. शरद पाटील धुळ्याचे, १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणारे. मार्क्सवाद फुले-आंबेडकरांशी जोडणारे. शरद जोशी शेतकरी संघटनेचे, शेतमालाच्या भावाचे. ऑम्वेट दोघांकडून शिकल्या आणि दोघांवर लिहिलं. शरद पाटलांकडून जात आणि स्त्रीसत्तेच्या प्राचीन इतिहासाची चर्चा. शरद जोशींच्या संघटनेतून शेतकरी बायकांचा प्रश्न : १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन आणि नंतरची लक्ष्मीमुक्ती, ज्यात शेतकऱ्यांनी जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायचा होता. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढणं ही ऑम्वेट यांच्या लेखी भाषणांपेक्षा मोठी गोष्ट होती, आणि ते पटण्यासारखं आहे.

पण शेतकरी संघटनेला दिलेल्या या पाठिंब्यानं जुने डावे सहकारी दुखावले. ‘बागायतदारांची संघटना’ असा त्यांचा आक्षेप. पुढं खुल्या बाजाराबद्दल आणि बियाण्यांतल्या जैवतंत्रज्ञानाबद्दल ऑम्वेट यांनी घेतलेली भूमिकाही वादग्रस्त राहिली. कोरडवाहू शेतकऱ्याला भाव हवा, तंत्र हवं, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. बाजार ते देईल हा भरवसा मात्र नंतरच्या वर्षांनी खरा केला असं म्हणवत नाही.

नर्मदा आंदोलनाला त्यांचा विरोध होता का?

सरसकट नाही. १९९९ मध्ये त्यांनी लेखिका अरुंधती रॉय यांना जाहीर पत्र लिहिलं, त्यावरून ही समजूत पसरली. पत्राचा रोख असा की मोठं धरण म्हणजे नुसता विनाश असं म्हणताना दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याची पाण्याची मागणी ऐकूच येत नाही. ज्यांच्या चळवळीची घोषणा ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ आहे आणि जे स्वतः बंधारा बांधून बसलेत, त्यांना ‘धरणच नको’ ही घोषणा पचणं अवघडच. मतभेद धरणग्रस्तांच्या हक्कावर नव्हता. येरळेच्या काठावरून नर्मदेकडं पाहिलं तर पत्र कळतं. नुसतं वादपत्र म्हणून वाचलं तर तिखट वाटतं, आणि ते आहेही.

डर्बनचा वाद कोणता?

२००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी परिषद झाली. जातीचा प्रश्न तिथं मांडावा असा दलित संघटनांचा आग्रह, भारत सरकारचा विरोध. जात म्हणजे वंश नव्हे, असं सांगत समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई यांनीही विरोध केला. ऑम्वेट यांचं उत्तर थोडक्यात : वंश ही जीवशास्त्रीय वस्तू नाहीच, तोही समाजानंच रचलेला; प्रश्न जन्मावरून होणाऱ्या भेदभावाचा आहे आणि त्यात दोन्ही सारखे.

मग त्या मार्क्सवादी होत्या की आंबेडकरवादी?

कुठल्या साली विचारताय त्यावर उत्तर बदलतं. १९७६ च्या पुस्तकाची भाषा वर्गाची आहे. १९९३ च्या ‘रीइन्व्हेंटिंग रिव्होल्यूशन’मध्ये दलित, स्त्रिया, शेतकरी आणि पर्यावरण या चार चळवळी पारंपरिक मार्क्सवादाच्या चौकटीत बसत नाहीत, तर चौकटच बदला, असा सूर आहे. शोषण फक्त कारखान्यात मजुरीतून होत नाही. शेतमालाच्या भावातून, घरातल्या बिनपगारी कामातून, जातीनं लादलेल्या श्रमातूनही होतं. १९९४ च्या ‘दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रिव्होल्यूशन’मध्ये महाराष्ट्र, आंध्र आणि कर्नाटक शेजारी ठेवून आंबेडकरी चळवळ पाहिली आहे. २००३ मध्ये बौद्ध धम्मावर, २००४ मध्ये आंबेडकरांवर, आणि २००८ मध्ये ‘सीकिंग बेगमपुरा’ : संत रविदासांच्या दुःख नसलेल्या नगरापासून आंबेडकरांपर्यंतची परंपरा. मार्क्स सुटला नाही. पण मांडीला मांडी लावून बुद्ध, तुकाराम, फुले येऊन बसले.

विद्यापीठात नोकरी किती केली?

सलग अशी फारशी नाही. पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासन, पुढं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात आंबेडकर अध्यासन, कोपनहेगनच्या नॉर्डिक आशिया अभ्यास संस्थेत अतिथी प्राध्यापकी, सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेची अभ्यासवृत्ती. बाकी ठिकाण कासेगाव.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

‘दलित व्हिजन्स’ (१९९५) हे लहानसं पुस्तक आधी घ्या. तेच पुढं वाढवून ‘अंडरस्टँडिंग कास्ट’ नावानं आलं, त्यामुळं दोन्ही विकत घेऊ नका. नंतर तुरुंग फोडण्याचं ते १९८० चं पुस्तक, कारण त्यात माणसं आहेत. मग ‘सांस्कृतिक बंड’. हे सलग वाचायला गेलात तर दमाल. पहिली खेप फुले आणि सत्यशोधक समाजावरची प्रकरणं, दुसरी कोल्हापूर, तिसरी पुण्याचे ब्राह्मणेतर नेते केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर. शेजारी फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ उघडा ठेवा.

बौद्ध धम्मावरच्या पुस्तकापासून सुरुवात करू नये. दोन-अडीच हजार वर्षांचा पट एका दमात घेतलाय, आणि लेखिकेच्या आधीच्या वादांची ओळख नसली की त्यातल्या ठाम विधानांमागचं कारण कळत नाही.

उद्धृत करताना साल तपासा. ‘सांस्कृतिक बंड’ची नंतरची आवृत्ती हाती असेल तर मूळ १९७६ हेही लिहा, नाहीतर वाचकाला वाटतं की हा विचार कालपरवाचा आहे.

मराठीत काय मिळतं?

प्रबंधाचा अनुवाद ‘वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड’ या नावानं झाला आहे. नवा सहज मिळत नाही, जुन्या पुस्तकांच्या दुकानात आणि जिल्हा ग्रंथालयात विचारा. उलट दिशेचं त्यांचं कामही विसरू नये. वसंत मून यांची ‘वस्ती’ त्यांनी इंग्रजीत नेली (२००१), आणि भरत पाटणकरांसोबत तुकारामांचे अभंगही.

शर्मिला रेगे आणि ऑम्वेट यांच्यात फरक कसा सांगायचा?

रेगे (निधन २०१३) पुण्याच्या स्त्री अभ्यास केंद्रातून दलित स्त्रीवादी भूमिकेची ज्ञानमीमांसा मांडत होत्या : दलित बायकांची आत्मकथनं, वर्ग, अभ्यासक्रम. ऑम्वेट यांचं वळण चळवळीच्या इतिहासाकडं आणि जमीन-पाण्याकडं. एकीच्या हातात ‘साक्ष’, दुसरीच्या हातात ‘सातबारा’ असं परीक्षेत लिहू नका, पण लक्षात ठेवायला सोपं आहे.

कासेगावला जायचं असेल तर?

कासेगाव नावाची दोन गावं नेहमी गोंधळ करतात. एक पंढरपूर तालुक्यात, सोलापूर जिल्ह्यातलं. ते हे नव्हे. आपलं कासेगाव वाळवा तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गावर, कराडहून कोल्हापूरकडं निघालं की वाटेवर लागतं. नकाशात जिल्हा सांगली दिसतोय ना, एवढं बघून निघा.